भरल्या टाकीचे दिवस

१० फेब्रुवारी, सोमवार

आधी पोट साफ, मग पाऊण लिटर पाणी, मग तासभर धरून बसायचं! प्रोस्टेटच्या कॅन्सरवर किरण घ्यायचे तर ही पहिली अट. मूत्राशय भरलं की वर उचललं जातं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं — इति डॉक्टरीणबाई. उभा जन्म बस चालवली. रस्ता तुंबला की धरून ठेवण्यात माझा हात कोण धरणार? पण आज आधीच्या पेशंटचं लांबलं आणि माझी अब्रू जायचीच बाकी होती. बाकावर गुडघे आवळून बसलो. शेजारी ही पदरात तोंड लपवून हसत होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काही कळतच नाही. दुखत नाही, भाजत नाही. कमरेवर तिळाएवढे ठिपके गोंदलेत, ते भिंतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेघांशी जुळवतात. मशीनवाली मुलगी म्हणते, काका, आता हलू नका. मग सगळे बाहेर, जाड दार बंद, आत मी एकटा. मशीन भोवती फिरतं, घरघरतं, थांबतं. थंडी वाजते. बस, एवढंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना विचारलं, किरण आत शिरतो तर वाटेतलं सगळं जळत कसं नाही? त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एकाच बाजूने जोर लावत नाहीत. चहूबाजूंनी थोडा थोडा सोडतात, आणि ते सगळे भेटतात गाठीवर. पुरता मारा तिथेच. म्हणजे रस्ते मोकळे, कोंडी फक्त चौकात! हे मला लगेच पटलं.

रोज आधी आतला फोटो काढतात. पोटात गॅस असला तरी प्रोस्टेट जागचं हलतं म्हणे. ते नेमकं सापडावं म्हणून त्यात सोन्याचे बारके दाणे टोचून ठेवलेत. हे ऐकून ही म्हणाली, "मला कानातलं करायचं तर दरवर्षी पुढच्या वर्षी. आणि स्वतः सोनं कुठे घालून बसलात बघा!"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मशीनखालच्या फळीवरून परत उठवलं. टाकी अर्धीच. अजून पाणी प्या, थोड्या वेळाने घेऊ, असं मशीनवाली मुलगी म्हणाली. नंबर गेला. चिडलो हिच्यावर. तिचा काय संबंध! ही बाटली घेऊन पाणी आणायला गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्यानंतर एक शिंपी असतो. त्याला जबड्याचा कॅन्सर. डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावरच साचा घेऊन जाळीचा मुखवटा बनवलाय, तो चढवून फळीला पक्का करतात. म्हणाला, "गावाची मापं घेतली दादा. माझं कुणी घेतलं तर ते असं घट्ट." हसलो खरा. पण त्याचं तोंड आतून सोललंय, बोलताना डोळ्यांत पाणी येतं. त्याच्यापुढे माझं गाऱ्हाणं कसलं!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

थकलो. लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लघवीला जळजळ. सारखं उठावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होणारच. शेजारच्या नाजूक भागालाही थोडी झळ लागते. संपल्यावर काही आठवड्यांत बसेल. गोळ्या दिल्यात.

झोपून उठलं तरी अंग गळाल्यासारखं. जिना चढताना कठड्याला लोंबकळतो. शेजारची म्हातारी मला मागे टाकून जाते, वर विचारते, येतोस ना रे?

हिचंही बरं दिसत नाही. पहाटे उठून डबा, मग माझ्याबरोबर खेटे, परत येऊन घर. आज बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला तिचा. माझा नंबर आला तरी उठवलं नाही. लेकीने फोनवर सांगितलं, बाबा, तुम्ही एकटे जात जा, आईला जरा पडू दे. मी हिला तसं म्हटलं. तिने चपला घालायला घेतल्या, एवढंच उत्तर.

४ मार्च, मंगळवार

शिंप्याचं बोलणं बंद. आज नुसता हात वर केला. मीही केला.

७ मार्च, शुक्रवार

संपलं! मशीनवाली मुलगी म्हणाली, काका, आता इकडे तोंड दाखवू नका. यश आलं की नाही ते आज कळत नाही. किरण थांबले तरी त्यांचं काम आत चालूच राहतं. रक्त तपासायचं ते तीन महिन्यांनी. तोवर वाट बघायची. शिंप्याचे अजून बरेच बाकी. त्याचा खांदा दाबून आलो.

घरी येऊन दोघंही आडवे झालो. चुलीचं नावही कुणी काढलं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी ही समोर येऊन बसली. म्हणाली, छातीत गाठ लागतेय. तुमचं मशीन सुरू व्हायच्या आधीपासून. 

तेव्हाच का बोलली नाहीस, म्हणून मी ओरडलो.

"एका घरात एका वेळी दोघंही पडून कसं चालेल हो? एकाने तरी उभं नको का राहायला?"

संध्याकाळी भाजी मी केली. खारट झाली. तिने सगळी संपवली. उद्या सकाळी तिला घेऊन जातोय.