चेनला मेण लावण्याआधी

२७ जुलै, रविवार. सकाळी सव्वासात, पूजा झाल्यावर.

स्वानंदी एकवीस ऑगस्टला अर्बानाला जाणार, कॉलेजला. काल जेवताना म्हणाली, बाबा, मी जायच्या आधी एकदा सायकलने व्हीटनला जाऊ या, जस्ट यू अँड मी. जाऊन-येऊन वीस मैल. मी लगेच हो म्हणालो. दोन ऑगस्टचा शनिवार ठरला. अठरा वर्षांची मुलगी आपण होऊन बापाकडे वेळ मागते, हे इथे नेपरव्हिलमध्ये किती घरांत घडत असेल? संस्कार, दुसरं काय.

गॅरेजमध्ये जाऊन माझी सायकल पाहिली. चेनला बोट लावलं तर काजळ. अशा सायकलवर बसून मुलीबरोबर जाणं बरं नव्हे. संकल्प : नवी चेन. आणि तिला तेल नाही, मेण. तेलाला धूळ चिकटते, मेणाला चिकटत नाही. चार व्हिडिओ पाहिले. शनिवारपर्यंत सहज होईल.

२९ जुलै, मंगळवार.

चेन आली. नवीन म्हणजे स्वच्छ, हा माझा भ्रम होता. गंजू नये म्हणून कंपनी आतून-बाहेरून ग्रीस भरून पाठवते. त्याचा कण राहिला तरी मेण धरत नाही. बाहेरचं पुसता येतं, आतल्या रोलरमधलं दिसतच नाही. माणसाच्या मनाचंही असंच आहे. यावर बराच वेळ विचार केला. त्यात साडेआठची मीटिंग राहिली.

मिनरल स्पिरिट आणलं. आपल्या रॉकेलाचाच शिकलेला भाऊ. चेन बरणीत घालून, वर ते ओतून, पाच मिनिटं हलवायची. सौ. नीलांबरीची लोणच्याची काचेची बरणी रिकामी होती. स्पिरिट राखेसारखं झालं.

नीलांबरी म्हणाली, आता ती बरणी तुम्हालाच राहू द्या, तिच्यात परत लोणचं कोण घालणार? उदार स्वभावाची आहे.

३१ जुलै. संध्याकाळी.

दुसरं स्नान, तिसरं स्नान. स्पिरिट अजून गढूळ. व्हिडिओवाला तीनच सांगतो, पण खाली कॉमेंटमध्ये एकाने सात वेळा केलं आहे. सात बरे.

नीलांबरीने विचारलं, जुनी चेन चालते ना? मग जुन्या चेनवर जाऊन या की. मी शांतपणे समजावलं की जुन्या चेनमध्ये पायांची ताकद वाया जाते. ती म्हणाली, गेल्या वर्षी सहाव्या मैलावर तुम्हाला घ्यायला मी गाडी घेऊन आले होते, तेव्हाही ताकद चेननेच खाल्ली का? तेव्हा बूट नवीन होते. तिला सांगितलं नाही. वाद वाढवण्यात अर्थ नसतो.

२ ऑगस्ट, शनिवार.

व्हीटन पुढच्या शनिवारवर. रद्द नाही, पुढे. स्वानंदी ओके म्हणाली. समजूतदार.

अडचण धार्मिक आहे. स्पिरिटचा थर काढायला शेवटचं स्नान अल्कोहोलचं. दुकानात डबा हातात घेतला. त्यावर ठळक अक्षरांत अल्कोहोल. आणि महिना श्रावण. घरात देव आहेत. डबा परत ठेवला.

पार्किंगमध्ये पद्मजाताई भेटल्या. रविवारची मराठी शाळा त्याच चालवतात. चौपन्न वर्षांच्या आहेत, दूधसुद्धा सायकलवरून आणतात. त्या सायकलची चेन बघवत नाही. त्यांना अडचण सांगितली. म्हणाल्या, अहो शशिकांत, ते चेनला पाजायचंय, तुम्हाला नाही. मी हसलो. श्रद्धेची थट्टा सोपी असते.

३ ऑगस्ट, रविवार.

तोडगा सापडला, तोही देवघरात. गावी देवाची भांडी कशाने लखलखायची? चिंचेने. कोळ काढून चेनला चोळला, दात घासायच्या जुन्या ब्रशने, कडी-कडी. एकशे सोळा कड्या. नंतर पाण्यातून काढली. समईसारखी झळकली. व्हिडिओ करणाऱ्या गोऱ्यांना हे कुठून माहीत असणार? आपण व्हिडिओ करावा का? वाळायला गॅरेजमध्ये टांगली.

४ ऑगस्ट, सोमवार. उपास.

चेन गेरू फासल्यासारखी लाल.

नीलांबरी म्हणाली, अहो, देवाची भांडी पितळेची असतात. हे लोखंड आहे. तुम्हाला शाळेत विज्ञान होतं ना? होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला आलो होतो. दोष इलिनॉयच्या दमट हवेचा आहे. दुसरी चेन मागवली.

९ ऑगस्ट, शनिवार.

व्हीटन पुढे. आता सोळा तारीख, पक्की.

अल्कोहोलचा प्रश्न सुटला. डब्यामागचा बारीक मजकूर वाचला. कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष घालतात. जे पिता येत नाही ते मद्य नव्हे. श्रावणाला बाधा नाही. हा विचार आधी का सुचला नाही? सगळ्याला वेळ यावी लागते. डबा आणला, गॅरेजमध्ये देवघरापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवला.

दुपारी स्वानंदी गॅरेजच्या पायरीवर येऊन बसली. मी नव्या चेनला चौथं स्नान घालत होतो. तिने विचारलं, बाबा, तुम्ही गावात शाळेत सायकलने जायचात का? हाऊ फार वॉज इट? मी हाताने थांब अशी खूण केली. बरणी तीनशे वेळा हलवायची असते, मी एकशे ऐंशीवर होतो. जपात बोलू नये तसंच हे. ती थोडा वेळ बसली. मग म्हणाली, कॅन आय शेक इट? मी मान हलवून नाही म्हटलं. हात बदलला की लय बिघडते. तीनशे झाल्यावर वर पाहिलं तर ती आत गेली होती.

शाळा तीन किलोमीटर होती. सायकल नव्हती, चालत जायचो. जेवताना सांगायचं ठरवलं होतं. राहिलं.

१३ ऑगस्ट, बुधवार.

सात स्नानं पूर्ण. शेवटच्या वेळी अल्कोहोल पाण्यासारखं स्वच्छ राहिलं. मन भरून आलं.

मेण स्लो कुकरमध्ये वितळवलं. कुकर यासाठी वेगळा आणला, स्वयंपाकघरातल्याला हात लावला नाही. हे नीलांबरीला दोनदा सांगितलं. ती फक्त बरणीकडे बघत होती. चेन बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवली, काढून टांगली. थंड झाल्यावर काठीसारखी ताठ. एक-एक कडी वाकवून मोकळी केली. सायकलवर चढवली. पेडल हाताने फिरवलं. आवाज शून्य. स्वानंदीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, आय कान्ट हिअर एनिथिंग. मी म्हटलं, तेच तर.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी साडेआठ.

सहाला उठलो. स्वानंदी हेल्मेट घालून ड्राइव्हवेवर उभी होती, दोन्ही सायकली बाहेर काढून. बाटल्या भरल्या होत्या. माझ्यासाठी केळंही घेतलं होतं.

फोनवर पावसाची शक्यता तीस टक्के. पाणी हा मेणाचा शत्रू. एका सरीत तीन आठवड्यांची साधना वाहून जाते. तिला हे समजावून सांगितलं. ती आकाशाकडे बघत होती. आकाश निळं होतं, पण आकाशावर जाऊन चालत नाही. मग म्हणाली, बाबा, यू डोन्ट वॉन्ट टू गो. इट्स ओके, रिअली. मी म्हणालो, असं काही नाही, चेनमुळे. ती म्हणाली, पहिल्यांदा चेन घाण होती म्हणून नाही. आता चेन क्लीन आहे म्हणून नाही. हेल्मेट काढलं, केळं मला दिलं आणि पद्मजा मावशींना फोन लावला. पंधरा मिनिटांत ताई दारात. मला म्हणाल्या, तुमच्या चेनचं दर्शन आल्यावर घेते. दोघी गेल्या.

केळं खाल्लं.

दुपारी चार.

पाऊस नाही. हवामान खात्याचा काही भरवसा राहिलेला नाही. दोघी परत आल्या. व्हीटनला आइस्क्रीम खाल्लं म्हणे. ताईंच्या चेनमधून वाटभर कुईकुई येत होतं आणि स्वानंदी तेच सांगून हसत होती. इतकी हसताना तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. अर्बाना.

तिला सोडलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. सामान मीच वर नेलं, तिघांत मीच जास्त फेऱ्या केल्या, हे नमूद करतो. तिची सायकल खाली स्टँडला लावली. चेन काळी होती. म्हटलं, दहा मिनिटांत निदान बाहेरून पुसून देतो. ती म्हणाली, बाबा, नको, प्लीज. मिठी मारली. नीलांबरी परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत, कांकाकीपर्यंत रडली. मी ड्राइव्ह करत होतो.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी साडेनऊ, व्हीटनच्या सायकलवाटेवर, प्रेरी पाथवरच्या बाकावर. डायरी बरोबर आणली होती, बरं झालं.

आज निघालो. एकटा. चेनचा आवाज खरोखर शून्य. मागून येतोय हे कुणालाच कळत नाही, दोन बायका दचकल्या. दोन मैल झाले.

बाकावर बसून स्वानंदीला फोन केला. झोपेत होती. सांगितलं, अगं, सायकल काढली. ती उठूनच बसली असावी. कुठे आहात, म्हणाली. व्हीटन म्हणालो. दिशा तीच आहे. ती म्हणाली, रिअली? बाबा, ऑल बाय युअरसेल्फ? मग म्हणाली, आय ॲम सो प्राउड ऑफ यू. थँक्सगिव्हिंगला आले की आपण दोघं जाऊ, प्रॉमिस करा. केलं. नोव्हेंबरात इथे बर्फ पडू शकतो.

नीलांबरीला गाडी घेऊन बोलावलं आहे. येताना एक जुनी चादर आण म्हटलं. डिकीत चेनला धूळ लागायला नको.