दोनदा दाबलं की जवळ बस

३ फेब्रुवारी
गिरगावातलं बिऱ्हाड मोडून आज विक्रांतकडे परळला आले. एकोणिसावा मजला. खिडकीतून थेट शिवडीची खाडी आणि तिच्यात गुलाबी ठिपके, फ्लेमिंगोंचे! माझ्या बरण्या पाहून लेक म्हणाला, आई, तुझ्या लोणच्यांना वेगळी लिफ्ट लागेल. रोजनिशीची सवय शाळेतल्या सिस्टरांची. खोटं लिहायचं नाही, एवढाच त्यांचा नियम.

५ फेब्रुवारी
सून ऋग्वेदा फिजिओथेरपिस्ट. माझ्या डाव्या हाताची आखडलेली बोटं पाहून तिने माझ्या गेलेल्या नवऱ्याचा, गुरूचाच, हातमोजा काढून दिला. मऊ करडं कापड, आत केसासारख्या तारा. बोटांची हालचाल ओळखून ते आवळतं, सैल होतं. अर्धांगवायूने त्याची वाचा गेली, तेव्हा तो या मोज्यातून बोलायचा. मूठ एकदा दाबली की पाणी, दोनदा दाबली की जवळ बस. तिकडे माझा फोन वाजायचा.

९ फेब्रुवारी
दुपारी दोनला मोज्याने माझी बोटं दोनदा दाबली. रडले, आणि बरंही वाटलं. ऋग्वेदा म्हणाली, बाबांच्या सगळ्या नोंदी पुसून मोजा तुमच्या हाताला नव्याने बसवलाय, आई.

१२ फेब्रुवारी
आज आठ. दोन-दोनच्या चार हाका. चार्जिंग संपलेलं होतं. जेवताना विक्रांत पाहुण्यांना सांगत होता, बाबा झोपेत गेले, आई उशाशी होती. मी वरण वाढत राहिले.

१४ फेब्रुवारी
सोळा.
खोटं लिहायचं नाही. त्या दुपारी मी उशाशी नव्हते. कित्येक रात्री डोळा लागला नव्हता. फोन तांदळाच्या डब्यात खुपसून आत जाऊन झोपले. उठले तेव्हा त्याचा हात गार होता. फोनवर तेवीस दाबांच्या नोंदी. अकरा वेळा जवळ बस, आणि बारावी हाक अर्धीच. मी त्या पुसून टाकल्या.

१५ फेब्रुवारी
बावीस. मोजा कपाटात, कुलूप लावून. उद्या विक्रांत ऑफिसातून आला की सांगणार.

१६ फेब्रुवारी
दोन वाजले. कपाटात कापड घासतंय — पुन्हा — त्याला पुन्हा एकटं कसं ठेवू. काढला. घातला.

एकवीस, बावीस — तेवीस.

थांबलाय. वाट बघतोय —

चोविसावं. घट्ट. सुटत नाही. बसलेय रे, गुरू, इथेच — डावा हात उजव्यावर आलाय, पेनावर — जरा सोड, विक्रांतला सांगू दे, की मी