‘नको’चं चित्र

६ जाने.
सूनबाईचा, वैशालीचा, शेवटचा पाठ याच महिन्यात. बाहेरून परीक्षक येणार. विशेष शिक्षणातलं बी.एड., तेही न बोलणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या लेकरांना शिकवायचं. घरातली पहिली पदवी. मी आठवीपर्यंत, अक्षरं भिंती पाहून शिकलो, कोणी हात धरला नाही. मोताळ्यात दुकानांच्या जुन्या पाट्यांवर माझी वेलांटी आजही ओळखू येते. (फ्लेक्सवाल्यांची येत नाही.) पाठ पास झाला की पदवी. नाही तर पुन्हा परीक्षा, नोकरी लांबली.

पाठासाठी मुलगी निवडली जान्हवी, भाजीवाल्या शीतलची. सात वर्षांची, ऐकू सगळं येतं, शब्द एक नाही. आणि चावते. शाळेत दोघांना चावली. म्हटलं, एखादं गरीब, न चावणारं लेकरू घे. वै. म्हणाली, "मामाजी, गरीब लेकराचं कोणीबी पाहते."

चित्रांची कार्डं माझ्याकडे. पोरीनं कार्ड हातात द्यायचं, तीच तिची बोली. बाजारातल्या तयार संचात सफरचंद, छत्री, काचेचा ग्लास. शीतलच्या घरी काचेचा ग्लास कुठला? मीच काढणार.

९ जाने.
वांगं, टमाटं, भाकर, खाट, पाण्याचा गडवा. गडवा शीतलच्या घरी जाऊन पाहून आलो. पोचा डावीकडे आहे, डावीकडेच काढला. वांग्याच्या देठाला काटेसुद्धा. वै.नं कौतुक केलं, मग, "काटे काढून टाका मामाजी. तिला वांगं ओळखायचं आहे, भाव नाही करायचा."

राग आला. पण कार्ड हातभर लांब धरून डोळे बारीक केले. काट्यांनी वांगं किडकं दिसत होतं. काटे काढले.

१२ जाने.
आता ‘नको’चं कार्ड पाहिजे म्हणते. सगळ्यांच्या आधी तेच. मी : मागायला शिकव ना, नाही म्हणायला काऊन शिकवायचं?
"नाही म्हणता येत नाही, म्हणून तर चावते."
कागद पुढे ओढला.

लाल फुली काढली. नापास. "फुली म्हणजे चूक. तिला नको आहे ही तिची चूक नाही." मग उघडा पंजा. सौ. पाहून म्हणे, "कोन्त्या उमेदवाराचं काम घेतलं?" मग मान हलवणारी मुलगी. मान हलताना चित्रात दाखवणार कशी? फाडलं. इतकी वर्षं गावोगाव ‘येथे थुंकू नये’ रंगवलं, रोहिणखेडपर्यंत, आणि साधं ‘नको’ जमेना.

१५ जाने.
वै. म्हणाली, घरात बसून काढू नका, चला. शीतलच्या ओट्यावर बसलो. वै. काही शिकवेना, नुसती पाहत बसली. मनात म्हटलं, एवढ्यासाठी कॉलेज?

शीतल भात चारत होती. वै. हळूच, "चावायच्या आधी पाहा."

पाह्यलं. पोरीनं ताटली उलट्या हातानं, बोटांच्या पाठीनं, जराशी सरकवली. शीतलनं पुन्हा पुढे केली. पुन्हा सरकवली. पुन्हा पुढे. मग चावली.

म्हणजे ती बोलत होती. दोनदा बोलली. शीतलला दिसलं नाही, मलेबी दिसलं नसतं, आणि मी बारकाव्याचा माणूस म्हणवतो. वै.चं शिक्षण डोळ्यांत आहे.

घरी येऊन एका बैठकीत काढलं : ताटली, आणि तिला सरकवणारा उलटा हात. वै. पाहत राहिली. "हेच." एवढंच बोलली. दिवसभर पुरलं.

२१ जाने.
कार्ड जमलं, माणसं जमेनात. आधी वै. जान्हवीचा हात धरून कार्ड द्यायला लावायची. आता पोरगी आपणहून देते. आणि शीतल काय म्हणते? "नको ना माय? बरं, येकच घास."

तिचं काय चुकलं? आपल्याकडे नको म्हणजे अजून एकदा विचारा. पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणतो तेव्हा कुठे वाढणारा हलतो, तोही नाराज होऊन.

वै.नं शीतलला समोर बसवलं. "वहिनी, कार्ड आलं की ताटली उचलायची. तवाच्या तवा."
"उपाशी मरंन ना व पोरगी!"
"मरत नाही. भूक लागली की भाकरीचं आणून देईल."

संध्याकाळी शीतल धावत आली. आणून दिलं होतं. भाकरीचं. सांगता सांगता रडून राह्यली होती, आणि वै. तिला पाणी द्यायचं सोडून विचारते, "कोणत्या हातानं दिलं?"

२९ जाने.
पाठ झाला. जसं झालं तसं लिहितो.

शाळेची खोली. परीक्षक बाई सुती साडीत, चष्मा दोरीला. कार्डांना चिकटपट्ट्या लावायला म्हणून मला मागे बसू दिलं. टेबलावर भाजीचं दुकान. जान्हवीनं कार्डं देऊन एकेक भाजी मागायची. टमाट्याचं दिलं, टमाटं घेतलं. सुंदर. मग हात पुढे गेला आणि उचललं ‘नको’. वै.च्या तळहातावर ठेवलं.

मनात म्हटलं, बिस्किट दाखव, काहीतरी कर सूनबाई.

वै.नं टोपली उचलून खाली ठेवली. "नको. बरं." आणि शांत बसली.

बाई : "पाठ संपला?"
"हो मॅडम. तिनं संपवला."
"थोडा आग्रह करून पाहायचा."
"आज ऐकलं नसतं तर उद्यापासून हे कार्ड नुसता कागद, मॅडम."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मान लांब करूनही दिसलं नाही.

मग चहा. मी कप पुढे केला. बाई, "नको." सवयीनं ‘घ्या ना मॅडम’ ओठांवर आलं होतं... कप मागे घेतला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. बहुतेक प्यायचा होता त्यांना.

घरी सांगितलं तर सौ.नं कपाळाला हात लावला. "अवो, परीक्षा घेनाऱ्या बाईले चहा नाही पाजला? गेले सुनेचे मार्क!" वै. हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

१२ फेब्रु.
निकाल नाही. वै. मोबाईल पाहते, मी तिचं तोंड. एकदाच म्हणाली, "त्यांना पटलं नसेल तरी मी तसंच करीन." मला भीतीही वाटली, छातीही फुगली.

बाजारात शीतल. "पेंटरदादा, ‘नको’ दुसरं करून द्या. कोपरे गेले पार." बाकीची कार्डं कोरी करकरीत म्हणे. विचारलं, लय त्रास देते?

"देते ना. येणी घालू देत नाही, स्वेटर घालू देत नाही. शिकवली ना तुमच्या सुनेनं!" मग वांगी तोलता तोलता, "पन दादा, कार्ड देते अन् माह्या तोंडाकडे पाह्यते. आधी कवाच पाहत नव्हती."

दोन वांगी वरून टाकत होती. मी म्हटलं, नको. थांबली. दोघंही हसलो. मग टाकलीच.

नवं कार्ड केलं. पहिल्यातली बोटं माझी आली होती. जान्हवीची आखूड आहेत, तशी घेतली. रंग अजून ओला. वै.नं मोबाईल पालथा ठेवला नि समोर येऊन बसली. पुढचं चित्र ‘अजून’चं पाहिजे म्हणते. म्हणजे भाकर नाही, टमाटं नाही, नुसतं अजून.

ते कसं दिसतं? सकाळी शीतलच्या ओट्यावर जाऊन बसतो.