दोन गोजरबाई

३ मार्च १९९७, सोमवार
आज श्रीगोंद्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू झाले. मला स्वतंत्र खोली, पंखा आणि दारावर पाटी: 'संगणक विभाग'. दादांना पत्रात आधी पाटीचंच लिहिलं. केसपेपरची खिडकी, औषधांचं काउंटर आणि इंजेक्शनची खोली, तिन्हीकडे संगणक आहेत; पण प्रत्येकाची यादी त्याच्याच पोटात. एकाच पेशंटचं नाव तीनदा टाइप होतं. आता तारा ओढून सगळ्या नोंदी माझ्या खोलीतल्या मोठ्या संगणकात एकाच ठिकाणी ठेवायच्या, म्हणजे तिघंही तीच नोंद वाचतील. खिडकीवरच्या राहीबाईंनी चहा पाजला. वीस वर्षं इथेच आहेत, तालुका तोंडपाठ.

११ मार्च
याद्या एकत्र केल्या. दुबार नावं आठशेच्या वर निघाली! राहीबाई म्हणाल्या, "ताई, नाव एक म्हनून बाई एक नसती. शंका आली की मला इचारा." मी हसले. सातवी शिकलेल्या बाईला काय विचारायचं?

१४ मार्च
काम संपलं. शेवटी शेवटी कंटाळा आला होता. 'गोजरबाई सहादेव' दोनदा, दोन्हीकडे वय बावन्न. एक मिरजगावची, एक श्रीगोंद्याची. लेकीकडे राहायला आली असेल, असं धरलं. नवी श्रीगोंद्याची नोंद ठेवली, जुनी मिरजगावची काढली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, पेढे वाटले.

२० मार्च
मिरजगावच्या गोजरबाईंना तापाच्या ग्लानीत आणलं. सिस्टरनं पडद्यावर नोंद पाहिली आणि मगच पेनिसिलिनची सुई दिली. पाच मिनिटांत श्वास थांबला.
डॉक्टरांनी विचारलं, हिच्या नोंदीत काही होतं का? मी नाही म्हणाले. मग खोलीत येऊन, याद्या एकत्र करण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवलेली जुनी फ्लॉपी लावली. मी काढलेल्या नोंदीत लिहिलेलं होतं: पेनिसिलिन चालत नाही.
त्यांची लेक भागिरथी आईच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. राहीबाई तिला पाणी पाजत होत्या. मी दार लावून घेतलं.

२१ मार्च
फ्लॉपी पुसली. राहीबाई माझ्याकडे बघत नाहीत. की मीच बघत नाही?

२६ मार्च
दुसऱ्या गोजरबाई आल्या, श्रीगोंद्याच्या. गुडघ्याचं दुखणं. पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'मयत'. मी धावत खिडकीशी गेले. त्या वाकून मला म्हणाल्या, "मला ती सुई चालत न्हाई. लिव्हलं हुतं की. कुनी पुसलं?"
राहीबाई चकित. ह्या बाईंना कधीच कुठली सुई बाधली नाही, म्हणाल्या. मिरजगावची बाई तर ह्यांनी पाहिलेलीही नाही.

२८ मार्च
दोन नोंदी वेगळ्या केल्या. सकाळी पुन्हा एकच. खोलीची किल्ली माझ्याकडे, संकेतशब्द फक्त मला ठाऊक. तीनदा केलं. तीनदा एकच.

१ एप्रिल
भागिरथी आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आली होती. बाकावरून श्रीगोंद्याच्या गोजरबाईंनी हाक मारली, "भागे, कालवड व्याली का गं?" भागिरथी वळली. नुसती बघत राहिली. मग त्या परक्या बाईच्या गळ्यात पडून रडली — आवाज आईचाच आहे म्हणाली — मी दाराच्या फटीतून पाहत होते. बाहेर जायचं होतं. दार लोटून घेतलं.

३ एप्रिल
गोजरबाईंचा दंड सुजलाय. सुईची खूण. कुणीही सुई दिलेली नाही. श्वास कोंडला. डॉक्टर मला ओरडून विचारत होते, हिला काय चालत नाही, वाच! रकाना कोरा. मला माहीत होतं. सगळे बघत होते. मी म्हणाले — काही नाही.
दुसऱ्यांदा.
राहीबाईच ओरडल्या, "पेनिसिलिन नगा देऊ! मिरजगावच्या बाईवानी हुईल!" गोजरबाई वाचल्या. राहीबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमी इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं." थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, सकाळी अकरा
आज सांगणार. सगळ्यांसमोर, भागिरथीसमोर. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून ठेवली —
दार वाजतंय. दाराखालून सावल्या दिसतात. दोन. आवाज मात्र एक —
"ताई, आमी एक हाय का दोन, तेवढं सांगा."
उठते. आधी इथे लिहून ठेवते, जुनी नोंद मीच —
कडी माझ्या हातात नाही, तरी सरकतेय —