तेल लावलेली फळी

मंगळवार, संध्याकाळ. शिरपूर.

सागाची फळी, पितळेची कप्पी, घासून गुळगुळीत केलेला ठोकळा. सगळं माझ्या हातचं. काठावर तापल्या खिळ्यानं कोरलेलं नावही. मेव्हणा दिनकर मालेगावात शाळांना प्रयोगाचं सामान विकतो. आज या घर्षण मोजायच्या फळीचा नमुना पाहायला आला.

समजावलं त्याला. कप्पीवरून दोरीनं लोंबणाऱ्या पारड्यात वजन टाकायचं, ठोकळ्याला हलकी टिचकी मारायची. सुटताना तो जास्त अडतो, म्हणून टिचकी. मग ज्या वजनाला एका चालीनं सरकेल, तेच त्याचं चालतं घर्षण.

"टिचकी कायले, भाऊजी? मास्तरले आपोआप चालनारं पायजे."

चहा सांगायला आत गेलो. तेवढ्यात यानं समईतलं तेल फळीवर चोळलं!

"पाहा, कसा पळून राह्यला!"

तेल. सागात मुरलेलं तेल निघतं का कधी? गचांडी धरून भिंतीवर आपटलं त्याला. ओठ फुटला. मग कुऱ्हाडीनं फळीच फोडली, नावासकट. हिनं मधे पडून कुऱ्हाड ओढून घेतली, नाहीतर... जास्त झालं? ओठाचं झालं असेल. फळीचं नाही. हाताला अजून तेलाचा वास येतोय.

दिनकर रक्त पुसत म्हणतो, "दहा शाळांची ऑर्डर हाय. तेल लावूनच द्या, चाळीस हजार देतो."

माझ्या नावाखाली खोटं घर्षण? नाही म्हटलं. चाळीस हजारांना.