मनूनं विस्तव झाकला

सोमवार, १९ जानेवारी
सगळ्यात आधी आली शेजारची पारू, विरजण मागायच्या निमित्तानं. डोळे कॅमेऱ्याकडं. नांदेडहून पिच्चरवाली पोरं आलीत. छोटाच पिच्चर हाय, रझाकाराच्या वक्ताचा. गाव सोडून पळणारी पोर म्हणून घेतली कोण, तर माझी नात मनू. तिसरीत हाय. पारूची नात घेतली न्हाई. मी विरजण जरा जास्तच दिलं.

मंगळवार, २०
आज घोटाळा. रझाकार झालाय माझा धाकटा लेक दत्तू, एस्टीतला कंडक्टर. त्यानं दारावर लाथ मारली की मनू खुदखुदते. "काका, मिशी पडली." पिच्चर काढणारी मुक्ता म्हणली, "आजी, उद्या जमलं नाही तर लातूरहून दुसरी मुलगी आणावी लागेल." पारू ऐकून राहिली होती. जेवण गोड लागलं न्हाई.
सांजच्याला मनूला चुलीपाशी घेतलं. म्हणलं, माझी माय तुझ्याएवढीच होती. रझाकार आले म्हणून भाकर तव्यावर टाकून पळाले समदे. तरी माझ्या आजीनं तेवढ्यात विस्तव राखेखाली झाकला. परत आल्यावर चूल पेटवायला कामी पडंल म्हणून.
"मग आले परत?"
आले. पण घर न्हवतं.
ती चुलीतल्या राखेकडं बघत बसली.

बुधवार, २१
दत्तूनं लाथ मारली. मनू हसली न्हाई. पळता पळता चुलीपाशी बसली, विस्तवावर राख ओढली, वरून थापटली, मग पळाली. हे कुणी सांगितलं न्हवतं तिला. मुक्ता थांबा म्हणायचंच इसरली. पारूनं डोळ्याला पदर लावला. मी मनूवरून मीठमिरच्या उतरून टाकल्या, पारूच्या म्होरं परत एकदा.

गुरुवार, २२
दत्तू सकाळी "ये गं हिरॉईन" म्हणला, तर मनू माझ्यामागं दडली. मिशी न्हाई, काही न्हाई, तरी. मला हळूच म्हणली, "आजी, तेव्हाचे रझाकार पण कुणाचे काका होते का?"
मोठी हुशार हाय माझी पोर. पण कालपर्यंत ह्याच काकाच्या खांद्यावर बसून दुकानाला जायची...
पिच्चरवाले दुपारी गेले. माघातल्या पुनवेला, ऐतवारी येतो म्हणले, शाळेच्या भिंतीवर दाखवतो. दत्तू म्हणतो, मनूला मांडीवर घेऊनच बघणार. ती माझा पदर न सोडताच उठली. क्यालेंडरवर पुनवेला गोल तेवढा केला तिनं.