डिम

सेंट हेलन्स, टास्मानिया

प्रिय क्लेम,

आभाळ भरून आलं की तुला फळा वाचता यायचा नाही. मिस प्रिंगल तुला ‘डिम’ म्हणाल्या. दिवा मंद असो की डोकं, इंग्रजीत शब्द हाच. डॅडनी अर्थ डोक्याचाच घेतला, आणि तुला शाळेतून काढून मासेमारीच्या बोटीवर धाडलं. एका संध्याकाळी तू धक्क्यावरून सरळ पाण्यात चालत गेलास आणि बुडालास. गाव म्हणालं, “मठ्ठच होता बिचारा.”

काल डॉक्टरांनी माझ्या नातीचे, टेसचे डोळे तपासले.

“उजेड कमी झाला की हिला दिसत नाही. आनुवंशिक आहे. घरात आणखी कुणाला होतं?”

“माझ्या भावाला,” मी म्हटलं.

परतताना टेसने विचारलं, “नॅन, म्हणजे मी मठ्ठ नाही?”

“नाही गं, राणी.”

तुला हे कुणीच सांगितलं नाही रे. आता हे पत्र कुठे टाकू?

तुझीच,
ईडी